खाडीचा चिखल आणि नानांचा पाय

उज्वला देवरे आमच्या कॉलेजात मुलाखतीला आली तेव्हा समितीतल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी तिला विचारलं होतं, "समुद्रातल्या जीवाणूंवर काम करायचं म्हणता, पण नाशिकला समुद्र कुठाय?"

रसायनशास्त्र विभागाचा प्रतिनिधी म्हणून मीही त्या समितीत कोपऱ्यातल्या खुर्चीत होतो. उज्वलाने जरा विचार केला आणि म्हणाली, "समुद्र नाही सर, पण डहाणूची एसटी आहे."

सगळे हसले. ती हसली नाही. तिने खरंच गाडीची चौकशी करून ठेवली होती.

पुढे कितीतरी वर्षं ती त्या बाजूला जात राहिली. त्र्यंबकवरून मोखाडा, जव्हार आणि घाट उतरून किनाऱ्यावर. ओहोटीची वेळ पाहून तिवरांच्या झाडीत शिरायचं, गुडघाभर चिखलात उभं राहून निर्जंतुक बाटल्या भरायच्या, त्या बर्फाच्या डब्यात ठेवायच्या आणि संध्याकाळपर्यंत परत. एकदा एसटीत शेजारच्या बाईने विचारलं, "डब्यात मासे का?" उज्वलाने प्रामाणिकपणे सांगितलं, "चिखल आहे." ती बाई उठून दुसऱ्या सीटवर जाऊन बसली.

चिखल कशासाठी, हे मला तिने पहिल्यांदा समजावलं ते स्टाफरूममध्ये चहा पिताना. जमिनीवरच्या मातीतल्या जीवाणूंपासून माणसाने इतकी औषधं मिळवली, की आता तिथे शोधायला गेलं तर बहुतेक वेळा जुनीच पुन्हा हाती लागतात. दरम्यान रोगजंतू त्या जुन्या औषधांना सरावले. खाडीच्या तळचे जीवाणू मात्र निराळ्या जगात राहतात. तिथे मीठ आहे, भरती-ओहोटी आहे, हवा कमी आहे. जागेसाठी आणि खाण्यासाठी त्यांची एकमेकांत सतत मारामारी चाललेली असते आणि ते एकमेकांवर रसायनं सोडतात.

"त्या भांडणातलं एखादं हत्यार आपल्याला उसनं मिळतं का, एवढंच मी बघते," ती म्हणाली.

"आणि मिळालं की?"

"मिळालं की तुमच्याकडे येणार. रसायन ओळखणं तुमचं काम."

अशी आमची जोडी जमली. ती जीवाणू वाढवायची, मी त्यांनी सोडलेल्या रसायनांचा अर्क काढायचो.

उज्वला मूळची बागलाणातल्या नामपूरची. वडील वाल्मीक देवरे, म्हणजे नाना, कांदा आणि डाळिंब करणारे, आई कुसाबाई, धाकटा भाऊ हर्षल आता शेती बघतो. तिच्या घरात ती पहिली पदवीधर. लग्नानंतर ती नाशिकला आली, नवरा अंबडच्या कारखान्यात, मुलगी बारावीला. बोलणं शहरी, पण नानांचा फोन आला की एका क्षणात अहिराणीवर जायची. मला घरचं काही सांगताना स्वतःचं बोलणं मराठीत सांगायची आणि नानांचं मात्र त्यांच्याच शब्दांत.

नानांना तिच्या कामाचं फार कौतुक होतं. ते काम नेमकं काय आहे हे त्यांनी आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं: पोरगी समुद्रातून औषध काढते. बाजार समितीत कांद्याचा लिलाव चालू असताना ते शेजारच्याला हे सांगत. दर फोनला विचारत, "तुन्हा त्या समुद्रना औषधनं काय व्हयनं?" आणि उज्वला दर वेळी सांगायची, "अजून नाही, नाना. चाललंय."

चाललंय म्हणजे काय, ते मी बघत होतो. चिखल वाळवायचा, जरा तापवायचा म्हणजे घाईने वाढणारे जीवाणू मरतात आणि सावकाश वाढणारे उरतात. मग तो समुद्राच्याच पाण्यात कालवून, जीवाणूंचं खाद्य ओतून गोठवलेल्या प्लेटांवर पसरायचा आणि आठवडेच्या आठवडे वाट बघायची. ज्या वसाहती उगवतील त्यातल्या प्रत्येकीला रोगजंतूंच्या शेजारी वाढवून पाहायचं. शेकड्यांनी वसाहती तपासल्यावर एखादीभोवती रोगजंतू वाढत नाहीत, स्वच्छ गोल जागा राहते. मग अर्क काढायचा, आणि बहुतेकदा कळायचं की हे रसायन दुसऱ्या कोणी फार पूर्वीच शोधलेलं आहे. असं झालं की ती दिवसभर कमी बोलायची आणि दुसऱ्या दिवशी नव्या प्लेटा ओतायला घ्यायची.

एका हिवाळ्यात तिला एक जीवाणू सापडला. खडूच्या भुकटीसारखी करडी वसाहत, मागून पाहिली तर विटकरी. त्याच्याभोवतीची स्वच्छ जागा एवढी मोठी होती, की तिने प्लेट माझ्या टेबलावर आणून ठेवली. आम्ही अर्क काढला. फ्लास्कच्या तळाशी काकवीसारखा चिकट थर उरला. यंत्रावर उमटलेली त्याची खूण आम्हाला माहीत असलेल्या कुठल्याच रसायनाशी जुळेना.

आणि त्याच सुमारास नानांचा पाय बिघडला.

एका लग्नासाठी त्यांनी नवे बूट घेतले होते. बुटाने टाचेजवळ फोड आला. साखरेचा आजार जुना, त्यामुळे पायाला नीटशी जाणीवच नव्हती. फोड फुटला, चिघळला, तरी त्यांना कळलं नाही. कुसाबाईंना वास आला तेव्हा कळलं. गावात, मग सटाण्याला इलाज झाले, आणि शेवटी उज्वलाने त्यांना नाशिकच्या एका खासगी दवाखान्यात आणलं.

जखमेतल्या जंतूंचा तपासणी अहवाल आला तो तिने स्वतः वाचला. औषधांची नावं एकाखाली एक, आणि जवळजवळ प्रत्येकासमोर एकच निष्कर्ष: जंतू दाद देत नाही. वर्गात ती मुलांना असे अहवाल शिकवायची. त्या दिवशी ती व्हरांड्यात उभी राहून तो पुन्हा पुन्हा वाचत होती. जे एकदोन इंजेक्शनांचे पर्याय उरले होते ते डॉक्टरांनी सुरू केले.

मग तिने एक गोष्ट केली. डॉक्टरांची रीतसर परवानगी घेऊन तिने नानांच्या जखमेतला जंतू प्रयोगशाळेत आणला, प्लेटवर वाढवला आणि त्याच्यावर आमच्या अर्काचा एक थेंब टाकला. दुसऱ्या दिवशी तिने मला बोलावलं. थेंबाभोवती स्वच्छ, गोल, मोकळी जागा. नानांचा पाय खाणारा जंतू मेला होता.

मी म्हणालो, "उज्वला, अगं..."

"काही बोलू नका सर," ती म्हणाली.

तिने हे लपवलं नाही. संध्याकाळी मी नानांना भेटायला गेलो होतो तेव्हा माझ्यासमोरच तिने त्यांना सांगितलं. नाना उशीला टेकून बसले होते, पायावर पट्ट्यांचं बोचकं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे मरना तो?"

"मेला."

"मंग मन्हा पायले लाई दे ना जरासं."

उज्वलाने मान हलवली. "प्लेटवर मेला, नाना. प्लेटला रक्त नसतं, मांस नसतं. जे जंतूला मारतं ते तुम्हालाही मारू शकतं. ते अजून औषध नाहीये."

हर्षल खिडकीशी उभा होता. तो वळला. "ताई, आपण कांद्यावर नवं औषध मारतो तर आधी एका वाफ्यावर मारून बघतो ना? तसं एका बोटावर लावून बघ. तसाही डॉक्टर पाय काढायचं म्हणतोय."

"वाफा गेला तर परत लावता येतो, हर्षल."

"आणि पाय गेला तर?"

कुसाबाई एवढा वेळ डब्याची भांडी आवरत होत्या. त्यांनी लेकीच्या हातात भाकरीचा तुकडा दिला आणि म्हणाल्या, "पोर, काही खाई ले आधी." त्या खोलीत दुसरं काही बोलता येण्यासारखं नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी मी तिला एक मार्ग सुचवला. मला तो सरळ वाटत होता. "रक्तपेशींवर टाकून बघू अर्क. साधी चाचणी आहे. पेशी फुटल्या तर ते विष आहे हे घरच्यांना ठामपणे सांगता येईल."

"आणि नाही फुटल्या तर?"

"नाही फुटल्या तर..." मी थांबलो.

"नाही फुटल्या तर मला अडवणारं काही उरणार नाही, सर. ती एक चाचणी पुरेशी नाही हे मला माहितीय. मूत्रपिंडाचं काय, यकृताचं काय, त्या अर्कात आणखी काय काय आहे, काहीच ठाऊक नाही. एवढ्यावर कोणी माणसाला औषध लावत नाही. पण मी लावेन. मी स्वतःला ओळखते. म्हणून आत्ता ती चाचणी करायची नाही."

मी तेव्हा आग्रह धरला नाही, आणि तिचं बरोबर होतं का, यावर माझं मत आजही पक्कं नाही. चाचणी केली असती तर घरातलं भांडण कदाचित त्याच दिवशी मिटलं असतं. पण तिच्या जागी मी नव्हतो.

जंतू हाडापर्यंत पोचला होता. डॉक्टरांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, की पायाचा रक्तपुरवठाच इतका कमी झालाय की चांगलं औषधसुद्धा तिथवर पोचत नाही. आता थांबलो तर जीव जाईल. उज्वलाने हे समजून घेतलं. हर्षलने ऐकलं, पण त्याच्यापर्यंत ते पोचलं नाही. नानांचा पाय गुडघ्याखाली काढला.

शस्त्रक्रियेनंतर हर्षल तिच्याशी बोलेनासा झाला. भांडला असता तर बरं, असं ती म्हणायची. कधी नामपूरला गेली तर तो मोटारसायकल काढून शेतावर निघून जाई. भाऊबीजेला आला, ओवाळून घेतलं, ताटातलं जेवला आणि कामाचं कारण सांगून गेला. नातेवाइकांत एक वाक्य फिरत फिरत तिच्या कानावर आलं: औषध हिच्याकडे होतं, आणि हिने बापाला दिलं नाही.

नाना स्वतः कधी असं म्हणाले नाहीत. फोनवर ते पावसाचं बोलत, डाळिंबाच्या कळीचं बोलत, कुबडीने काखेत दुखतं म्हणत. फक्त समुद्राच्या औषधाचं काय झालं, हे विचारणं त्यांनी बंद केलं. उज्वलाला तेच सगळ्यात जास्त लागलं.

त्या काळात ती वर्ग घ्यायची, परीक्षांची कामं करायची, पण करड्या वसाहतीच्या नळ्या शीतकपाटात तशाच होत्या. मी एकदोनदा आठवण केली. "घेऊ पुढच्या महिन्यात," म्हणाली. शेवटी एका सकाळी ती आपणहून आली आणि म्हणाली, "आता करायला हवं. आता मी ते कोणाला लावणार नाहीये."

आम्ही अर्क शुद्ध करायला घेतला. काम किचकट होतं. त्या चिकट थरात कितीतरी रसायनं एकत्र होती. ती एकेक करून वेगळी करायची आणि प्रत्येक भाग जंतूवर टाकून बघायचा. पावसाळा उलटला, द्राक्षांच्या छाटण्या झाल्या, तेव्हा कुठे आमच्या हाती पिवळसर पूड आली. चिमूटभरही नव्हती. जंतूला मारणारं रसायन हेच होतं.

रक्तपेशींची चाचणी तिने एकटीने केली. मी शेजारच्या खोलीत तासाची तयारी करत होतो. मी गेलो तेव्हा ती स्टुलावर बसून समोरच्या नळ्यांकडे बघत होती. ज्या नळीत आमची पूड नव्हती तिथे रक्तपेशी तळाला बसल्या होत्या आणि वरचं पाणी नितळ होतं. ज्या नळ्यांत पूड होती तिथे सगळं पाणी लालभडक झालं होतं. पेशी फुटल्या होत्या. जंतूला मारायला जेवढी पूड लागत होती, त्याहून किंचित जास्त मात्रेने माणसाच्या रक्तपेशी फुटत होत्या. उघड्या जखमेवर ते लावलं असतं तर काय झालं असतं, ते वेगळं सांगायची गरज नव्हती.

मी खुर्ची ओढून बसलो. इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदाच खरोखर नवं काही सापडलं होतं, आणि ते हे असं निघालं.

ती बोलली. "सर, मला आनंद झाला."

"हं."

"नळी लाल झाली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे औषध ठरलं असतं तर जगात कितीतरी लोकांचे पाय वाचले असते. आणि मी इतके महिने मनातून काय मागत होते, तर हे विष निघू दे." तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "असं मागणाऱ्या माणसाने हे काम करावं का?"

मी म्हणालो, "मागण्याने पेशी फुटत नाहीत, उज्वला. त्या आपल्या आपण फुटल्या."

हे उत्तर काही फार चांगलं नव्हतं. पण ती उठली, हात धुतले, आणि दुसऱ्या रक्ताच्या नमुन्यावर तीच चाचणी पुन्हा लावायला घेतली, कारण एकदा आलेल्या निकालावर तिचा विश्वास नसतो. निकाल तोच आला.

रविवारी ती नामपूरला गेली. पुढचं सगळं तिने मला सोमवारी सांगितलं. नाना ओट्यावर बसले होते, नवा कृत्रिम पाय शेजारी काढून ठेवलेला. हर्षल ट्रॅक्टरला ट्रॉली जोडत होता. ती त्याला म्हणाली, "दहा मिनिटं थांब. नंतर जा कुठं जायचं ते." तो थांबला, पण बसला नाही.

तिने सांगितलं. लाल झालेल्या नळीचे मोबाइलवरचे फोटो दाखवले. नानांनी फोन डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "तुले तव्हय माहीत व्हतं का हाई?"

"नाही, नाना."

"मंग तू नही कसाले म्हननी?"

"माहीत नव्हतं म्हणूनच."

नानांनी फोन तिला परत दिला. हर्षल ट्रॉलीच्या कडेला हात टेकून उभा होता. त्याने विचारलं, "आणि चांगलं निघालं असतं तर?"

या प्रश्नाची तयारी तिने एसटीत बसल्या बसल्या केली होती, पण ऐन वेळी तिला त्यातलं काही आठवलं नाही. "तर आयुष्यभर मला वाईट वाटलं असतं," ती म्हणाली. "पण तरी तेव्हा मी नाहीच म्हटलं असतं."

हर्षल ट्रॅक्टर घेऊन गेला. पण संध्याकाळी तिला सटाण्याच्या स्टँडवर सोडायला तोच आला, आणि गाडी लागेपर्यंत थांबला. जाताना एवढंच म्हणाला, "पोचली की फोन कर."

आम्ही जे सापडलं ते जसंच्या तसं लिहून प्रसिद्ध केलं. नवं रसायन आहे, औषधांना न जुमानणाऱ्या जंतूला मारतं, आणि रक्तपेशीही फोडतं. तिसरी गोष्ट जरा खाली, बारीक शब्दांत लिहावी असं मी सुचवलं होतं. उज्वलाने ती पहिल्याच परिच्छेदात घातली. जीवाणू राष्ट्रीय संग्रहात जमा केला, म्हणजे कोणालाही मागता येईल. काही महिन्यांनी दक्षिणेतल्या एका संस्थेतल्या रसायनशास्त्रज्ञ बाईंचा ईमेल आला. त्या रसायनाचा एक टोकाकडचा भाग बदलला तर विषारीपणा कमी होईल का, हे त्यांना बघायचं होतं. उज्वलाने त्यांना सगळी माहिती दिली. त्यातून काय होईल ते सांगता येत नाही. अशा कामांत दहा-बारा वर्षं सहज जातात आणि बहुतेक वाटा मध्येच बंद होतात.

गेल्या मार्चमध्ये ती पुन्हा डहाणूच्या बाजूला निघाली. या वेळी हर्षलने आपली डबल केबिनची पिकअप काढली. तो स्वतःहून येतो म्हणाला आणि नानांनीही हट्ट धरला, की मला यायचंय. इतकी वर्षं पोरगी जाते तो समुद्र मी पाहिलेलाच नाही. मलाही त्यांनी बरोबर घेतलं. कुसाबाईंनी शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी बांधून दिल्या होत्या. त्र्यंबक मागे पडल्यावर नानांनी मला विचारलं, "सर, गोदावरी इथूनच निघती ना? मग ती इकडं जवळच्या समुद्राला सोडून तिकडं लांब का जाती?" मी उतार, डोंगररांगा वगैरे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिची मर्जी."

खाडीशी पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. नाना एका उलट्या होडीच्या कडेवर बसले. वाकून त्यांनी दगडातल्या डबक्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि तोंड वाकडं करून हसले. उज्वलाने सलवार वर खोचली, बाटल्यांची पिशवी खांद्याला लावली आणि तिवरांत शिरली. हर्षल थोडा वेळ काठावर उभा राहिला. मग बूट काढून तोही मागोमाग उतरला आणि पहिल्याच पावलाला पोटरीपर्यंत रुतला.

"कुठला घेऊ?" त्याने ओरडून विचारलं.

"मुळाजवळचा. वरचा थर काढून टाक, खालचा काळा घे. आणि बाटलीच्या तोंडाला हात लावू नको."

त्याने पहिली बाटली नीट भरली. दुसरीच्या तोंडाला त्याचा अंगठा लागला, तशी तिने ती काढून घेतली आणि नवी दिली. त्याने तीही भरली. तिवरांच्या मुळांमध्ये वाकलेल्या बहीणभावाच्या पाठी मला काठावरून दिसत होत्या. नाना कृत्रिम पायाचा पट्टा सैल करून, लांबवर गेलेल्या पाण्याकडे बघत बसले होते.

पाणी परत चढायला लागलं तेव्हा आम्ही निघालो. घाट चढताना उज्वला मागच्या सीटवर झोपली होती, बर्फाचा डबा पायांत धरून. त्या चिखलातून अजून काही निघालेलं नाही. प्लेटा इनक्युबेटरमध्ये आहेत. ती रोज सकाळी पहिला तास सुरू व्हायच्या आधी जाऊन त्या बघते.